‘मॅक आयडी पाठवा’ म्हणतायत, पण संगणकात पाच सापडले. कुठला पाठवू?

पाटावरचा | ११ जून, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गुहागरला खालच्या पाटात आमचं चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. यंदा पहिला पाऊस विजा घेऊनच आला. मागच्या आगरातल्या माडावर वीज पडली आणि राउटर गेला. नवीन आणला, बसवला. दिवे लागतात, वायफाय जोडलं जातं, पण नेट काही येत नाही.

केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला, ‘पीसीचा मॅक आयडी व्हॉट्सॅप करा, बाइंड करून देतो.’ पुढे काही विचारायच्या आत फोन ठेवला. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे. भाच्याने सांगितलं तसं काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, ऑल असं दिलं. भली मोठी यादी आली. त्यात ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ पाच ठिकाणी आणि पाचही निरनिराळे. एक तर चांगला लांबलचक आहे, सुरुवातीला नुसती शून्यं. यादी खाली चिकटवतो. यातला नेमका कुठला पाठवू? उद्या पाहुणे येतायत आणि त्यांना म्हणे इथून ऑफिसचं काम करायचंय.

[यादी संपादकांनी काढली आहे. कारण खाली.]

---

नस्तो_उद्योग | ११ जून, रात्री ९:३१

पाचय धाड रे. एक तरी लागात.

---

देवगडकरीण | ११ जून, रात्री ९:४४

पाटावरचे काका, आधी ती यादी धाग्यातून काढायला सांगा. मॅक म्हणजे यंत्रातल्या प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, तुमच्या यादीतला ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ तोच. संगणकाच्या मॅकने लांबचा माणूस फारसं काही करू शकत नाही हे खरं, पण राउटरच्या वायफायचा मॅक उघड्यावर टाकू नये. गूगल, अ‍ॅपलसारख्या कंपन्यांनी कुठला वायफाय मॅक कुठल्या जागी ऐकू येतो याच्या मोठमोठ्या नोंदी करून ठेवल्यात. जीपीएस नसतानाही फोनला आपण कुठे आहोत ते कळतं ते त्यातूनच. म्हणजे त्या बारा अक्षरांवरून घर सापडू शकतं. तुम्हाला पाहुणे हवेत हे ठीक, पण असे नकोत.

आता तुमचे पाच. काढायच्या आत मी वाचून घेतले.

शून्यांची रांग असलेला सोडून द्या. मोजून बघा, त्यात आठ जोड्या आहेत. मॅक ४८ बिटांचा असतो, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, बारा अक्षरं. आठ जोड्यांचं ते विंडोजचं आतलं बोगद्यासारखं काहीतरी आहे, त्यामागे कार्डच नाही. व्हर्च्युअलबॉक्स लिहिलेला पण सोडा, तो एका सॉफ्टवेअरने तयार केलेला. वायफाय डायरेक्ट व्हर्च्युअल अ‍ॅडॉप्टर, तोही तसाच. उरले दोन: ब्लूटूथ आणि वायफाय. ब्लूटूथचा केबलवाल्याला उपयोग शून्य. म्हणजे वायफायचा.

---

खारा_वारा | ११ जून, रात्री १०:१५

ताई, गाळलंत बरोबर, पण थांबा. वायफायचा पाठवून काम होणार नाही. मालवणात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, पावसाळ्याच्या तोंडाला हेच चालू असतं.

त्या यादीत मला जे दिसलं त्यापेक्षा जे दिसलं नाही ते महत्त्वाचं वाटतंय. डेस्कटॉप आहे आणि ‘इथरनेट’ नावाची, म्हणजे वायरीच्या कार्डाची, नोंदच नाही. केबल नुसती काढलेली असती तर ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ लिहून त्याखाली पत्ता तरी आला असता. इथे कार्डच नाही. दादा, दोन गोष्टी सांगा. वीज पडली तेव्हा राउटरमधून पीसीला वायर लावलेली होती का? आणि हे कनेक्शन पहिल्यांदा घेतलंत तेव्हा राउटर होता का, की केबल थेट पीसीच्या पाठीत?

---

पाटावरचा | ११ जून, रात्री १०:३८

होती, वायर होती. आणि पहिल्यांदा थेट पीसीतच. तेव्हा राउटर नव्हता, तो मागाहून त्यांच्याच पोराने बसवून दिला. नेट आमच्याकडे फायबरचं आहे, पण फायबर शेजाऱ्यांच्या पडवीतल्या पेटीपर्यंत. तिथून आमच्याकडे साधी निळी वायर, माडांवरून. पीसीला आता भाच्याने दिलेला यूएसबीचा वायफाय डोंगल आहे.

---

खारा_वारा | ११ जून, रात्री ११:०२

मग चित्र स्पष्ट आहे.

फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. तुमची निळी वायर तांब्याची. माडांवरून ओढलेली ती वायर विजेला आयतीच सापडली. पेटीतून राउटरात, राउटरातून पीसीच्या लॅन कार्डात, असा प्रवास झालाय. कार्ड मेलं म्हणून यादीतून गेलं.

केबलवाला कशाबद्दल बोलतोय ते बघा. त्याच्या नोंदीत तुमच्या खात्यासमोर एक मॅक लिहिलेला आहे. लाइनवर तोच दिसला तर नेट सोडायचं, नाहीतर नाही, याला ते लोक बाइंड म्हणतात. कनेक्शन घेतलंत तेव्हा केबल पीसीत होती, म्हणजे नोंद त्या लॅन कार्डाची. मग पोराने राउटर बसवला तेव्हा नोंद बदलायचा कंटाळा केला असणार आणि राउटरलाच पीसीचा मॅक चिकटवला असणार. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ असतं ते त्यासाठीच. इतकी वर्षं तुमचा राउटर तुमच्या पीसीच्या नावाने हजेरी लावत होता. आता राउटर नवा, तो स्वतःचं नाव सांगतोय, आणि समोरचा ओळखत नाही.

वायफाय डोंगलचा मॅक राउटरपर्यंतच जातो, त्याच्या पुढे कुणाला दिसतच नाही. केबलवाल्याला दिसतो तो फक्त त्याच्या लाइनीत थेट खुपसलेल्या यंत्राचा. तुमच्या बाबतीत तो राउटरचा वॅन मॅक, म्हणजे केबलवाल्याकडच्या बाजूचा. तोच पाठवा. त्याने ‘पीसीचा’ म्हटलं ते जुन्या सवयीने.

---

शंकासूर | ११ जून, रात्री ११:२०

शंका १: आता पुन्हा क्लोन केलं तर चालणार नाही का? केबलवाल्याला फोनच करायला नको.

शंका २: कार्ड मेल्यावर त्याचा मॅक आणायचा कुठून?

---

खारा_वारा | १२ जून, सकाळी ७:१०

१) चालेल की. पण नोंद दुरुस्त करून घेतलेली बरी. उद्या राउटर पुन्हा बदलला तर हाच तमाशा नको.

२) मदरबोर्डवरच्या लॅनचा मॅक बहुधा बोर्डावर एका पांढऱ्या चिकटपट्टीवर छापलेला असतो, पाठच्या खाचांपाशी नाहीतर वीजपुरवठ्याच्या मोठ्या कनेक्टरवर. काही बोर्डांच्या बायोसमध्येही, म्हणजे पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, दिसतो.

---

पाटावरचा | १२ जून, सकाळी ९:०५

कॅबिनेट उघडलं. आत पालीची दोन अंडी आणि बोटभर धूळ. लॅनच्या खाचेतल्या पिना हिरव्या पडल्यात, एक काळी. चिकटपट्टी सापडली, बारा अक्षरं आहेत, पण डाग पडलेत. शून्य आहे की ओ, ८ आहे की बी, काही कळत नाही.

---

देवगडकरीण | १२ जून, सकाळी ९:२२

ओ नाहीच. मॅकमध्ये ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच येतं. त्यामुळे ओसारखं दिसलं तर ते शून्य किंवा डी, आयसारखं दिसलं तर एक, एससारखं दिसलं तर पाच. ८ आणि बी मात्र दोन्ही चालतात, तिथे भिंग घ्या.

दुसरी खूण म्हणजे पहिल्या तीन जोड्या. त्या बनवणाऱ्या कंपनीच्या असतात, आयईईई ही संस्था वाटून देते. असा एक गट घेतला की कंपनीला त्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते बनवता येतात. आयईईईची यादी नेटवर खुली आहे. तुम्ही वाचलेल्या सहा अक्षरांना तुमच्या कार्डाच्या किंवा बोर्डाच्या कंपनीचं नाव आलं तर वाचन बरोबर. भलतीच कंपनी आली किंवा काहीच आलं नाही, तर ८ चा बी करून बघा.

---

लांज्याचा_लिनक्सवाला | १२ जून, सकाळी १०:००

वाचकांसाठी बाकीच्या रीती पण इथेच नोंदवतो, म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा धागा नको.

विंडोजमध्ये एवढी यादी नको असेल तर गेटमॅक, स्पेस, स्लॅश, व्ही (सगळं इंग्रजीत). कनेक्शनचं नाव, कार्डाचं नाव आणि मॅक एका ओळीत येतात. काळी खिडकी नकोच असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, त्यात हार्डवेअर अँड कनेक्शन प्रॉपर्टीज.

लिनक्समध्ये ‘आयपी लिंक’, त्यात ‘लिंक/ईथर’च्या पुढचं. जुन्या पुस्तकांत इफकॉन्फिग लिहिलेलं असतं, ते नव्या वितरणांत बरेचदा नसतंच. अ‍ॅपलवाल्यांनी ऑप्शन कळ दाबून धरून वरच्या वायफाय चिन्हावर क्लिक करावं.

आणि विंडोज हायफनने लिहितो, लिनक्स कोलनने, सिस्कोवाले चार-चार अक्षरांचे तीन गट करून टिंबं देतात. तिन्ही एकच.

---

नस्तो_उद्योग | १२ जून, सकाळी १०:०९

इतक्या सांगलात, पन यंत्र सुरूच होणा नाय तर काय करूचा? माझ्या काकांच्या पीसीची हार्डडिस्क गेली. सॉफ्टवेअरचो लायसनवालो म्हणता मॅक होयो.

---

खारा_वारा | १२ जून, सकाळी ११:३०

डिस्क गेली तर बरेच जुने पीसी आपणहून नेटवर्कवरून सुरू व्हायला बघतात. तेव्हा काळ्या पडद्यावर ‘क्लायंट मॅक अ‍ॅड्र’ अशी ओळ येते, पुढे बारा अक्षरं. पटकन मोबाइलने फोटो काढ. येत नसेल तर बायोसमध्ये जाऊन नेटवर्क बूट चालू कर. वायर मात्र लावलेली असू दे, नाहीतर बरेचदा ती ओळ यायच्या आधीच ‘मीडिया टेस्ट फेल्युअर’ म्हणून थांबतं.

लायसन मात्र कार्डाला बांधलेलं असेल आणि कार्डच बदलायची वेळ आली तर लायसनवाल्याशी बोलावंच लागेल. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने लॅनच्या पिना खातात. लोक यूएसबीचं लॅन अ‍ॅडॉप्टर लावतात, चालतं पण छान. पण त्याला त्याचा स्वतःचा मॅक असतो. पीसी तोच, पत्ता दुसरा. ते अ‍ॅडॉप्टर काढून शेजारच्या पीसीला लावलं की पत्ताही शेजारी गेला.

---

पाटावरचा | १२ जून, दुपारी १:४०

राउटरच्या बुडाखाली मॅक छापलेला होता, तो केबलवाल्याला पाठवला. त्याने ‘झालं’ म्हणून कळवलं. नेट नाही. पाहुणे चिपळूणला पोचलेत.

---

देवगडकरीण | १२ जून, दुपारी १:५२

काका, बुडाखालचा नव्हे. राउटरला एक मॅक नसतो. घराकडच्या बाजूचा एक, केबलवाल्याकडच्या बाजूचा म्हणजे वॅनचा एक, वायफायचे आणखी एक-दोन. बरेचदा हे लागोपाठचे असतात आणि चिकटपट्टीवर त्यातला एकच छापतात. ब्राउझरमधून राउटरच्या पानावर जा, ‘स्टेटस’मध्ये वॅन असं लिहिलेल्या चौकटीत बघा.

---

पाटावरचा | १२ जून, दुपारी २:१५

बघितलं. बुडाखाली शेवटची जोडी ३९ आहे. पानावर वॅनला ३ए. बाकी सगळं तेच. हे लागोपाठचं कसं? ३९ नंतर ४० यायला हवं ना?

---

लांज्याचा_लिनक्सवाला | १२ जून, दुपारी २:१८

मॅकमधली मोजणी दहाची नसून सोळाची असते. तिच्यात नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग दहा. त्यामुळे ३९ नंतर ३ए. बरोबर आहे, तोच पाठवा.

---

पाटावरचा | १२ जून, दुपारी ३:३०

आलं!! राउटर एकदा बंद-चालू करायला लावला आणि आलं. खारा_वारा, तुमचे आणि ताईंचे फार आभार. लांजेकरांचेही. पाहुणे आत्ताच उतरले, हातपाय धुवायच्या आधी पासवर्ड मागितला.

---

खारा_वारा | १२ जून, दुपारी ४:०५

छान. आता ती निळी वायर माडांवरून काढून तुमच्या घरापर्यंत फायबर ओढून द्यायला सांगा. पैसे मागतील, द्या. ऑक्टोबरात पुन्हा विजा आहेतच.

फायबरची पेटी तुमच्या घरात आली की कदाचित पुन्हा आकडे मागतील. त्या वेळी पेटी जीपॉनची आहे की ईपॉनची ते विचारा, फायबरच्या या दोन पद्धती आहेत. ईपॉनची पेटी मॅकने ओळखतात, जीपॉनची सिरियल नंबरने. गंमत म्हणजे जीपॉनचा सिरियलही बारा अक्षरांचा लिहितात, सुरुवातीला कंपनीची चार अक्षरं. त्यात एफच्या पुढचं अक्षर दिसलं की तो मॅक नव्हे हे ओळखा.

---

शंकासूर | १२ जून, संध्याकाळी ६:३०

धागा निघालाच आहे तर शंका ३. आमच्या वाडीतल्या वाचनालयात वायफाय आहे. पासवर्ड गावभर झाला म्हणून आम्ही ठरवलं की सभासदांच्या फोनचे मॅक घ्यायचे, तेवढ्यांनाच सोडायचं. दोन दिवस बरं चाललं. आता निम्म्यांचं चालत नाही. ज्यांनी ‘अबाउट फोन’मध्ये बघून मॅक दिला त्यांचंच नेमकं चालत नाही!

---

देवगडकरीण | १२ जून, रात्री ८:४०

चालणार नाहीच. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन प्रत्येक वायफायला एक बनावट मॅक तयार करून देतो. आयफोन २०२० च्या आयओएस १४ पासून. दुकानादुकानांतून माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून. त्यामुळे ‘अबाउट फोन’मधला खरा पत्ता एक आणि तुमच्या राउटरला दिसतो तो दुसरा. जे लोक त्या वायफायच्या नावावर टिचकी मारून तिथला मॅक वाचतात त्यांचा बरोबर निघतो. पण नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडलं तर तोही बदलू शकतो. आयफोनच्या नव्या आवृत्त्यांत तर अधूनमधून बदलत राहण्याचाही पर्याय आहे.

बनावट ओळखायची सोपी खूण सांगते. पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर हा पत्ता कारखान्यात दिलेला नाही, यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने जागच्या जागी घेतलेला आहे. पाटावरच्यांच्या यादीतला व्हर्च्युअलबॉक्सचा ०ए ने सुरू होत होता, तो असाच.

हवं तर त्या एका वायफायपुरतं ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडायला सांगा. पण माझं मत विचाराल तर ही यादीच बंद करा. मॅक वायफायच्या प्रत्येक निरोपावर उघडा लिहिलेला असतो, पासवर्ड कितीही भारी असला तरी. शेजारी बसलेला जाणता पोरगा तो वाचून स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतो. याला कुलूप समजू नका.

---

शंकासूर | १२ जून, रात्री ८:५५

म्हणजे आमची मीटिंग फुकट गेली. चहा-भजी झाली तेवढं खरं.

---

लांज्याचा_लिनक्सवाला | १२ जून, रात्री ९:२०

ताईंशी सहमत, पण अगदीच टाकाऊ म्हणू नका. घरात प्रिंटरला कायम एकच आयपी, म्हणजे राउटरने वाटून दिलेला नेटवर्कातला पत्ता, मिळावा म्हणून राउटरमध्ये त्याचा मॅक नोंदवून ठेवणं, हा उत्तम उपयोग आहे. लाइट जाऊन आली की प्रिंटर सापडत नाही ही कटकट बंद होते.

---

देवगडकरीण | १२ जून, रात्री ९:२६

त्याला कोण नाही म्हणतंय. व्यवस्थेसाठी वापरा. पहाऱ्याला बसवू नका.

---

नस्तो_उद्योग | १३ जून, सकाळी ८:००

आमच्या चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय जाणाच नाय, तेव्हा पहारो आपसूक आसा.

---

खारा_वारा | १३ जून, सकाळी ८:४५

हसू नको, त्यावरून आठवलं. चिऱ्याचं घर म्हणून लोक पडवीत रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारं यंत्र, लावतात. काही रिपीटर मागच्या यंत्रांचा मॅक पुढे जाऊ देत नाहीत, स्वतःच्याच शिक्क्याने पाठवतात. मग मुख्य राउटरच्या यादीत तुमचा लॅपटॉप भलत्याच मॅकने दिसतो. राउटरच्या यादीतून मॅक उचलायचा असेल तर आधी रिपीटर बंद करून मुख्य राउटरला जोडून घ्या. नाहीतर सरळ यंत्रावरच बघा.

---

संपादक मंडळ | १३ जून, सकाळी १०:१०

मूळ धाग्यातली यादी काढली आहे. कृपया कोणीही आपले पूर्ण मॅक इथे देऊ नयेत. उदाहरण हवंच असेल तर पहिल्या तीन जोड्या पुरतात.

---

चाकरमानी_डोंबिवली | गणपतीचा आदला दिवस, पहाटे ५:५०

धागा वर काढतोय, माफ करा. गावाला येताना गाडीत लॅपटॉपची बॅग गेली. कणकवलीला उतरताना लक्षात आलं. खोका घरी आहे, त्यावर वायफाय मॅक छापलाय. पोलिसांना तो दिला तर चोराने नेट चालू केल्याबरोबर लॅपटॉप सापडेल ना?

---

देवगडकरीण | गणपतीचा आदला दिवस, सकाळी ७:१५

अरेरे. दादा, तसं होत नाही. वर खारा_वाऱ्यांनी लिहिलंय तेच: मॅक पहिल्या राउटरपर्यंत जातो, पुढे इंटरनेटवर तो कुणाला दिसत नाही. देशभर मॅक शोधणारी यंत्रणा नाही. मोबाइल असता तर आयएमईआयवरून, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकावरून, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता आला असता. लॅपटॉपला सिमची खाच असेल तरच त्याला आयएमईआय असतो.

तरी तक्रारीत मॅक आणि सिरियल नंबर दोन्ही लिहा. लॅपटॉप कधी हाती लागलाच तर तो तुमचाच हे दाखवायला कामी येतात. पण आत्ता तातडीचं काम वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ‘फाइंड माय डिव्हाइस’ चालू केलं होतं का ते फोनवरून बघा, आणि ईमेल, बँक सगळ्यांचे पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदला. रेल्वे पोलिसांकडे आजच जा, आरतीनंतर म्हणून थांबू नका.

---

चाकरमानी_डोंबिवली | गणपतीचा आदला दिवस, सकाळी ७:४०

पासवर्ड बदलतोय. ‘फाइंड माय’ चालू होतं असं दिसतंय, शेवटची जागा पनवेल दाखवतंय. तक्रारीला निघालो. धन्यवाद ताई.